मागच्या खोलीचा दोष

१

सकाळी भांडी झाली की मी ओटा पुसते, आणि ओटा पुसता पुसता खिडकीतून गल्लीवर नजर टाकते. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या दारात कोणाच्या चपला आहेत, हे मला कोणाला विचारावं लागत नाही. माझी जाऊ म्हणते, हिचं नाक हिच्या आधी दाराबाहेर पडतं. म्हणू दे. गल्लीत कोणाची टाकी वाहतेय, कोणाच्या घरात आजारपण आहे, हे याच नाकाला पहिलं कळतं, आणि मग चौकशीला हीच जाऊ फोन करते.

शेजारच्या वहिनींनी घर विकायला काढलं तेही मला त्यांनी सांगायच्या आधी कळलं. कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस फाटकाशी उभा राहून फोटो काढत होता. एजंट. मी हात पुसत बाहेर गेले आणि पाच मिनिटांत सगळं विचारून घेतलं.

आमची जोडघरं आहेत. दोन घरं, मधली भिंत एकच. त्यांची मागची खोली आणि माझं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून. वहिनींचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी दुसऱ्या गावी. गेल्या वर्षी तिला अपघात झाला, कमरेखालचं अंग गेलं, आणि जावई दिवसभर कामावर. तिच्या घरासमोर तळमजल्यावर एक लहानशी जागा रिकामी झाली होती. मालक भला माणूस, पण महिनाअखेरच्या पुढे थांबणार नव्हता. इथलं विकलं तरच तिथलं घेता येणार.

"मागे ती बाथरूममध्ये पडली," वहिनी मला म्हणाल्या. "संध्याकाळी जावई येईपर्यंत तशीच पडून होती. फरशीवर. आणि मी इथे तुमच्याशी गप्पा मारत होते, ताई."

मी म्हटलं, घर दाखवायचं माझ्यावर सोडा. अनोळखी माणसं आपल्या घरातून फिरताना त्यांना बघवत नव्हती. गिऱ्हाईक यायचं असलं की त्या कोपऱ्यावरच्या बागेत जाऊन बसायच्या आणि मी एजंटबरोबर घर दाखवायची. खरं सांगायचं तर मला आवडायचंही. दुसऱ्याच्या घराला लोक कशी नाकं मुरडतात ते बघायला कोणाला आवडत नाही?

२

एजंट त्याच्या कामात तरबेज होता. पहिल्याच दिवशी त्याने मला घरभर हिंडवून शिकवणी दिली. "काकू, माणूस घर आवडलं म्हणून घेत नाही. काही खटकलं नाही म्हणून घेतो." मग खटकण्यासारखं काय काय आहे ते त्याने बोट लावून दाखवलं. बाथरूमचं दार नेमकं जेवणाच्या टेबलासमोर उघडतं. बैठकीतून आत जाताना एक पायरी खाली उतरावी लागते, तिथे नवा माणूस हमखास ठेचकाळतो. स्वयंपाकघरात दुपारचं ऊन. छताला ओलीचा डाग, एखाद्या देशाच्या नकाशासारखा. अशी एकेक गोष्ट भाव खाली ओढते, म्हणाला, आणि चार जमल्या की गिऱ्हाईक भाव पाडायलाही थांबत नाही.

प्रत्येकावर त्याच्याकडे उपाय होता. दाराला पडदा, पायरीशी कुंडी, छताला रंग, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी पाण्यात लिंबाच्या साली उकळायच्या, म्हणजे घराला बंद वास येत नाही.

"मागची खोली मात्र सोनं आहे," तो म्हणाला. "गार, उजेडाची, बाहेर झाड. सगळ्यात शेवटी ती दाखवायची. तोंड गोड करून बाहेर काढायचं."

पहिलं गिऱ्हाईक नवराबायकोचं होतं. पायरीवर नवरा ठेचकाळला, पण हसला. डाग त्यांना दिसला नाही. पडद्याचं कौतुक झालं. मग आम्ही मागच्या खोलीत आलो. बाई खिडकीशी गेली, झाड बघितलं. मग भिंतीकडे मान करून तिने विचारलं, "शेजारी किती माणसं राहतात?"

मी अभिमानाने म्हटलं, "आम्हीच. मी आणि आमचे हे. दोघंच."

"मग त्या बाई कोण?"

"कुठल्या बाई?"

"त्या काय, बोलतायत."

एजंटने लगेच विषय फिरवला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. पण बाई निघताना नवऱ्याला म्हणाली ते मी बरोबर ऐकलं. घर छान आहे, पण शेजारीण दिवसभर अशी बोलत राहिली तर डोकं फिरेल.

शेजारीण म्हणजे मी. आणि मी तर तिच्या शेजारी उभी होते.

३

घरी गेले तर आमचे हे टेबलाशी पेपर वाचत बसलेले. टीव्ही बंद, रेडिओ बंद.

यांच्याबद्दल सांगायला हवं. छापखान्यात मशीनवर जन्म गेला, त्यात कान गेले. ऐकायचं मशीन आहे, पण ते त्याच्या डबीत जास्त आणि कानात कमी. मी तीन हाका मारल्या की चौथीला मान वळते. दूध उतू गेलं असं मी ओरडून सांगितलं, तर हे 'किती वाजले' ते सांगतात. या घरात मी एक वाक्य बोलले तर ते अख्ख्या गल्लीला कळतं, यांना सोडून.

मी ओरडून विचारलं, "कोणी आलं होतं का?"

"कोणी नाही," म्हणाले, आणि माझ्याकडे जरा नवलाने बघितलं.

एजंटला मी सांगितलं, टीव्ही असेल. त्याने मान डोलावली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काकू, गिऱ्हाईक असेल तेव्हा तुमच्याकडे जरा शांतता राहिली तर बरं होईल." मला लागलं ते. पण वहिनींची मुलगी डोळ्यांपुढे होती. मिक्सर लावायचा नाही, टीव्हीचं बटण भिंतीवरच बंद, कुकर सकाळीच उरकायचा. यांनाही सांगून ठेवलं की फोन आला तरी उचलू नका. हे म्हणाले, "मला ऐकू कुठे येतो?"

पुढचं गिऱ्हाईकही मागची खोली बघून आलं तसं गेलं. त्याच्या पुढचंही. एकजण तर निवृत्त शिक्षक होते, फार सभ्य. ते म्हणाले, भिंत पातळ आहे खरी, पण शेजारच्या बाई नवऱ्याशी किती गोड बोलतात हो. असं हल्ली ऐकायला मिळत नाही.

मी आमच्या ह्यांच्याशी गोड बोलत नाही. इतक्या वर्षांनंतर कोण बोलतं? आणि बोलले तरी त्यांना ऐकू जाणार नाही. गोड बोलणं ओरडून करता येत नाही.

४

वहिनी दोन दिवस मुलीकडे गेल्या होत्या. मी दुपारची जेवणं उरकली, ह्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, आणि झाडांना पाणी घालून येते असं खुणेने सांगून शेजारी गेले.

मनाशी मी सगळा विचार केला होता. पाण्याच्या नळातून आवाज वाहून येतात, हे मी ऐकलंय. तिसऱ्या घरातला आवाजही असा घुमून येऊ शकतो. माणसं एकदा काही बोलली की पुढचीही तेच ऐकतात. पहिल्या बाईने ते बाहेर सगळ्यांना सांगितलं असणार, आणि मग ज्याला त्याला भास. मागच्या खोलीत पलंग होता, त्यावर मी बसले. खिडकी लावून घेतली. घर रिकामं असलं की किती लहान लहान आवाज करतं, लाकूड, पत्रा, कुठेतरी थेंब. मी मनात त्यांना एकेक नाव देत बसले, म्हणजे उरेल ते काय ते कळेल.

काही उरत नव्हतं. मला हसू यायला लागलं. उठणार तेवढ्यात भिंतीपलीकडे खुर्ची सरकली.

"अहो, खिडकी लावू का? ऊन येतंय तुमच्या डोळ्यांवर."

आवाज हळू होता. आपल्या माणसाजवळ उभं राहून बोलावं तसा.

"लाव," हे म्हणाले.

मग ती काहीतरी बोलत राहिली. सगळे शब्द कळत नव्हते. कोणाच्या तरी लग्नातली गोष्ट होती, कोणीतरी चुकून दुसऱ्याच मांडवात जाऊन जेवून आलं. ती आमच्याच लग्नातली गोष्ट होती. आणि हे हसले. मोकळं, पोटातून. ते हसणं शेवटचं कधी ऐकलं ते मला आठवेना.

आपला आवाज आपल्याला बाहेरून ओळखू येत नाही म्हणतात. मला आला. मी भिंतीशी गेले आणि कान लावला. भिंत कोमट होती.

पलीकडे बोलणं थांबलं.

"हळू," तो आवाज म्हणाला. "पलीकडे कोणीतरी कान लावून आहे."

मग पावलं वाजली, भिंतीकडे येणारी. आणि माझ्या कानाच्या बरोबर समोर, भिंतीच्या त्या अंगाला, काहीतरी टेकलं. कान टेकवावा तसं. एक श्वास ऐकू आला, आणि मग तोही रोखून धरलेला.

५

घरी आले तेव्हा हे एकटेच होते. स्वयंपाकघराची खिडकी लावलेली होती. ऐकायचं मशीन डबीत, डबी कपाटावर.

मी तोंडासमोर जाऊन ओरडले, "खिडकी कोणी लावली?"

"तूच नाही का लावलीस आत्ता," हे म्हणाले, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. जरा थांबून, पेपरातूनच म्हणाले, "ओरडतेस कशाला? आत्ता चांगली बोलत होतीस."

त्या दिवसापासून मला घरात बोलावंसं वाटेना. आपण बोललो तर ते कोणाचं बोलणं होईल, असं काहीतरी डोक्यात यायचं. रक्तदाब तपासून घेतला, थोडा वाढला होता. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा. मीठ कमी केलं.

वहिनी परत आल्या त्या वेगळाच चेहरा घेऊन. एजंटने त्यांना सांगितलं होतं की भाव उतरवावा लागेल, आणि उतरवूनही जमेल असं नाही, कारण रंग लावून झाकता येईल असा हा दोष नाही. त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"ताई, मी जायला नको आहे का तुम्हाला?"

मी हात पुसत पुढे झाले.

"एकटं पडायची भीती असेल तर तसं सांगा. पण मुद्दाम माणसं आली की बडबड करायची, हे बरं नाही. माझी पोर तिथे दिवस दिवस एकटी पडून असते."

मी शपथेवर सांगितलं की माणसं येतात तेव्हा मी तुमच्याच घरात असते, एजंटला विचारा. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि दाराबाहेरच्या बाकावर टेकल्या. मग त्या जे बोलल्या, त्यापेक्षा माझ्यावर रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

"तो आवाज काही आजचा नाही," त्या म्हणाल्या. "आमचे हे गेल्यापासून मी दुपारी मागच्या खोलीतच पडते. तुमचं बोलणं ऐकत झोप लागते. तुमच्या यजमानांशी किती मायेने बोलता. मला वाटायचं, चारचौघांत तोंडाळ, पण आतून गोड आहेत ताई."

"मी बहिणीकडे राहायला गेले होते तेव्हा? तिच्या ऑपरेशनला?"

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तेव्हा तर फारच बोलायचात," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लवकर परत आलात."

६

दोष ऐकू येणारा आहे, तर ज्याला ऐकू येत नाही असं गिऱ्हाईक बघावं. ही युक्ती माझीच. ह्यांच्या छापखान्यातले एक मशीनवाले होते, त्यांचे कान तर पार गेलेले, ठार बहिरे. बायको नाही, मूल नाही, नुकताच भाडेकरार संपलेला. मी एजंटला सांगितलं तेव्हा त्याने मला हात जोडले. म्हणाला, "काकू, माझ्याकडे कामाला या."

फसवणूक वाटली नाही का, असं कोणी विचारेल. वाटली थोडी. पण त्यांना बाधणार नव्हतं, आणि महिनाअखेर आठवड्यावर आलेली.

मशीनवाले आले त्या दिवशी मी आणि एजंट सकाळपासून वहिनींच्या घरात होतो. डागावर रंगाचा आणखी एक हात, लिंबाच्या साली, पडदे. ते सांगितल्या वेळेपेक्षा उशिरा आले, मिशांना अजून चहाचा ओलावा. बहिऱ्या माणसासारखं मोठ्याने म्हणाले, "आधी शेजारी मित्राकडे टेकलो. त्याच्या मिसेसनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही."

एजंटचं लक्ष नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन, त्यांना ओठ वाचता येतील असं सावकाश म्हटलं, "मी त्यांची बायको."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग चेहऱ्याकडे. मग पुन्हा ओठांकडे. भुवया वर गेल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत एक सावध सभ्यपणा आला. बसमध्ये एखादी बाई एकटीच बोलायला लागली की शेजारचा माणूस बघतो तसा. "हे घर दाखवणाऱ्या बाई..." ते एजंटला म्हणाले, आणि पुढचं हाताने विचारलं, ठीक आहेत ना?

एजंट माझ्याकडे बघत होता. त्याच्या हातात कागद तयार होते. माणूस बिचकला तर हातचा जाईल, हे त्याच्याकडूनच मी शिकले होते. काही खटकलं नाही तरच घेतो. आणि खटकण्यासारखं त्या घरात आता एकच उरलं होतं, ते म्हणजे मी.

मी हसले. कपाळाला हात लावला, चुकलं असं दाखवलं. आणि त्यांना नीट वाचता येईल असं, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "मी शेजारची."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. सगळं घर बघितलं. पायरीवर ठेचकाळले नाहीत. मागच्या खोलीत मी दारातच थांबले. ते भिंतीशी गेले आणि त्यांनी तळवा टेकला.

"ऊब आहे," म्हणाले. "थंडीत बरं."

बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. मग घर घेतो म्हणाले.

७

वहिनी गेल्या तो दिवस चांगला गेला. टेम्पो सकाळीच आला. त्यांचं सामान इतकं थोडं होतं की हमालाने विचारलं, एवढंच? वहिनी हसल्या, म्हणाल्या, बाकी सगळं घराबरोबर विकलं. मुलीशी फोनवर बोलल्या, संध्याकाळी पोचते, दाराला कडी घालू नको. बोलताना त्यांचा आवाज तरुण झाला होता. त्यासाठीच सगळं केलं होतं, आणि ते झालं.

मला मिठी मारून त्या रडल्या. म्हणाल्या, तुम्हाला वाट्टेल ते बोलले, विसरून जा. मी म्हटलं, शेजारणी एकमेकींना बोलत नाहीत तर कोणाला बोलतात.

टेम्पोत पुढे बसल्यावर त्यांनी मला हात केला. मीही केला. मग गाडी वळताना त्यांनी मान आणखी वर केली, माझ्या डोक्यावरून, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं, आणि तिकडेही हात केला. तसाच, तितक्याच मायेने. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

मी मागे वळून बघितलं नाही. अख्ख्या आयुष्यात मी वळून बघितलं नाही असं ते एकदाच.

८

त्यांच्या घराचं दार लावलं, अंगणात पडलेला कागद उचलला, आणखी थोडं उगाच झाडलं. मग आमच्या दाराशी आले. दार आतून लावलेलं होतं. दिवसा आम्ही लावत नाही. मी बेल वाजवली. ह्यांना बेल ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा वाजवायला बोट नेलं, तर दार उघडलं.

हे दारात उभे. अंगात धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट. मी तो इस्त्री केला नव्हता. कानात मशीन नव्हतं.

"अहो, मी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. बाहेरच्या माणसाच्या ओठांकडे बघतात तसं, लक्ष देऊन.

आतून, स्वयंपाकघरातून, अगदी हळू आवाज आला. "कोण आलंय हो?"

त्यांनी मान वळवली नाही. वळवायची गरजच नव्हती, ते त्यांना स्वच्छ ऐकू गेलं होतं.

"कोणी नाही. शेजारच्या आहेत."

मग मला म्हणाले, "या ना. गेल्या का वहिनी? बसा." खुर्ची पुढे केली. ती पाहुण्यांची खुर्ची, मी तिच्यावर कधी बसत नाही. ओरडावं असं वाटलं. ओरडले असते तर ह्यांना ऐकू गेलं नसतं, आणि जिला ऐकू गेलं असतं तिला मला माझा आवाज ऐकवायचा नव्हता. मी बसले, टोकावर.

आत भांड्यांचे आवाज येत होते. ओटा पुसल्याचा आवाज. फडका पिळला, झटकला, वाळत टाकला. एकही चूक नाही. हे माझ्यासमोर बसून आतल्या बोलण्याला हसत होते. मध्येच माझ्याकडे बघून मान डोलवायचे, परक्या माणसाला एकटं वाटू नये म्हणून.

मग पडदा हलला, पावलं आली, आणि माझ्या बाजूच्या स्टुलावर एका हाताने चहा ठेवला. हात मी ओळखला. वर बघायला हवं होतं. गल्लीतल्या प्रत्येक दारात डोकावणारी मी, मला मान वर करवेना. ती उभी होती. माझ्या डोक्यावर, अगदी जवळ. काहीतरी विचारावं म्हणून थांबते तशी थांबली होती. मी खालीच बघत राहिले, स्टुलाकडे, कपाकडे. आमच्या घरात घरच्या माणसांना चहा नुसत्या कपात देतात.

कपाखाली बशी होती.